थ्रस्ट बेअरिंगची कॅप आवळली की क्रँकशाफ्ट जाम होतो: माझा अनुभव

जुन्या चार सिलिंडर इंजिनचं रिबिल्ड. प्लॅस्टिगेजने (दाबून गॅप मोजायची बारीक प्लॅस्टिकची दोरी) मोजलेला मेन बेअरिंगचा (ज्यात क्रँकशाफ्ट फिरतो) गॅप सगळीकडे 0.05 मिमी, म्हणजे उत्तम. तरीही थ्रस्ट बेअरिंगची (क्रँकचं मागे-पुढे सरकणं रोखणारं मेन बेअरिंग) कॅप टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळली की क्रँक हाताने फिरेना आणि एंड फ्लोट (क्रँकची मागे-पुढे हलण्याची मोकळीक) जवळपास शून्य. कॅप ढिली केली की पुन्हा मोकळा.

बेअरिंग शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) बदलले, कॅपची बैठक पुसली, बोल्ट बदलले, उपयोग नाही. फार वैताग आला.

दोष शेलमध्ये नव्हताच. थ्रस्टचे वरचे आणि खालचे अर्धे भाग एका पातळीत बसत नव्हते. हा क्रम लागू पडला:

बाकीच्या कॅप मॅन्युअलच्या टॉर्कला आवळल्या. थ्रस्ट कॅपचे बोल्ट फक्त बोटाने लावले. रबरी हातोडीने क्रँक आधी मागे, मग पुढे ठोकला. नंतर पहारीने तो पुढे दाबून धरला आणि तसाच धरून कॅप टप्प्याटप्प्याने पूर्ण टॉर्कला नेली. पुढेच का? क्लच दाबल्यावर क्रँक पुढे रेटला जातो, म्हणून भार घेणारे मागचे पृष्ठभाग जुळायला हवेत.

मग क्रँकच्या टोकाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून क्रँक मागे-पुढे हलवला: एंड फ्लोट 0.15 मिमी. क्रँक हाताने सहज फिरला. बऱ्याच जुन्या इंजिनांना 0.10 ते 0.20 मिमी चालतं, पण आपल्या मॅन्युअलचा आकडाच धरा. ज्या इंजिनात थ्रस्टचा भार घ्यायला शेलऐवजी सुटे थ्रस्ट वॉशर असतात, त्यात तेलाच्या खाचा क्रँककडे तोंड करून हव्यात, हेही याच वेळी तपासा.