रेड एंट्रीवरून घरी पाठवलेल्या जवानाने दाद कशी मागावी

शिस्तभंगाच्या कारणावरून सैन्यातून घरी आलेल्या जवानाला गावात पहिला सल्ला मिळतो तो "आता काही होत नाही" असा, आणि दुसरा मिळतो तो मोबाइलवर सापडलेल्या एखाद्या परदेशी फॉर्मचा. दोन्ही बाजूला ठेवावेत. अमेरिकेत डिस्चार्जचा दर्जा तपासून बदलून देणारी स्वतंत्र मंडळे आहेत आणि तेथे डीडी 293 या फॉर्मवर 15 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. भारतात असे मंडळ नाही. ज्या आदेशाने नोकरी संपली, तो आदेश नियम डावलून निघाला किंवा अपराधाच्या मानाने शिक्षा फार कडक झाली, हे दाखवून तो रद्द किंवा सौम्य करून घेणे, एवढाच मार्ग आपल्याकडे आहे. हा मार्ग सोपा नाही, पण तो कायद्याने दिलेला आहे आणि त्या मार्गाने पेन्शन मिळवलेले जवान आहेत. सोलापूर, बार्शी, मंगळवेढा, सांगोला या भागांतील जवानांना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोगी पडावी, अशी माहिती येथे देत आहे. ती मुख्यतः लष्करातील जवान आणि जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) यांच्यासाठी आहे. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे असले, तरी दाद मागण्याचे सशस्त्र दल न्यायाधिकरण तेच आहे.

नोकरी नेमकी कशी संपली, हे आधी ओळखावे

बोलताना आपण सगळ्यालाच "काढून टाकले" म्हणतो, पण कायद्यात त्याचे निदान तीन प्रकार आहेत आणि पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. पहिला प्रकार कोर्ट मार्शलने, म्हणजे लष्करी न्यायालयाने, दिलेल्या डिसमिसलचा, म्हणजे बडतर्फीचा. दुसरा, आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 20 खाली खटला न चालवता केलेल्या बडतर्फीचा. दीर्घकाळ गैरहजर राहिलेल्यांच्या बाबतीत हा अनेकदा दिसतो. तिसरा, आर्मी रूल्स 1954 च्या नियम 13 खाली दिलेल्या डिस्चार्जचा. चार रेड एंट्री, म्हणजे कंडक्ट शीटवर (वर्तणुकीच्या नोंदपत्रावर) लाल शाईने नोंदवलेल्या चार शिक्षा, झाल्या म्हणून "सेवेची गरज नाही" असे लिहून ज्यांना घरी पाठवले जाते, ते बहुधा याच नियमाच्या 13(3) III(v) या तरतुदीखाली येतात.

आपला प्रकार कोणता, हे कळण्यासाठी आर्मी ॲक्टच्या कलम 23 खाली मिळणारे प्रमाणपत्र पाहावे. सेवा कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशाने संपली, कोणत्या कारणाने संपली आणि एकूण सेवा किती झाली, या तीन गोष्टी त्यात लिहिलेल्या असल्याच पाहिजेत. शिवाय ते इंग्रजीबरोबर जवानाच्या मातृभाषेतही द्यावे, असे कायदा सांगतो. सोलापुरात अनेकांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. त्यांनी भरतीच्या वेळी नोंदवलेली मातृभाषा लक्षात घ्यावी. प्रमाणपत्र मिळालेच नसेल किंवा त्यात कारण मोघम लिहिले असेल, तर ते लेखी मागणे हे पहिले काम समजावे.

प्रकारावरून पेन्शनचे गणित बदलते. साध्या सर्व्हिस पेन्शनसाठी जवानाला 15 वर्षांची पात्र सेवा लागते. डिस्चार्ज झालेल्याची ती भरली असेल, तर शिस्तभंगाच्या कारणामुळे त्याचा हक्क आपोआप जात नाही. डिसमिस झालेल्याचा मात्र आधीच्या सगळ्या सेवेवरचा पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा हक्क जातो. अपवादात्मक प्रकरणातच सरकार तो देऊ शकते. म्हणून 17 वर्षे सेवा करून डिसमिस झालेल्या हवालदाराने "डिसमिसलचे रूपांतर डिस्चार्जमध्ये करावे" एवढी एक मागणी मान्य करून घेतली, तरी घर उभे राहते. केंद्र सरकारच्या नोकरभरतीसाठी असलेल्या माजी सैनिकाच्या व्याख्येतून मात्र गैरवर्तनावरून डिस्चार्ज झालेले आणि बडतर्फ झालेले दोघेही वगळलेले आहेत. ते आरक्षण हवे असेल, तर गैरवर्तनाचा शिक्काच निघायला हवा आणि मागणी त्याप्रमाणे लिहायला हवी.

कागद गोळा करणे

वकिलाकडे जाण्याआधी कागद हातात असावेत. जुने कागद युनिटपेक्षा रेकॉर्ड ऑफिसकडे मिळण्याची शक्यता अधिक असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, तर बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला आहे. आर्मी नंबर, हुद्दा, शेवटचे युनिट आणि डिस्चार्जची तारीख लिहून माहिती अधिकार कायदा 2005 खाली 10 रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह स्पीड पोस्टाने अर्ज करावा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. ते आले नाही किंवा अपुरे आले, तर पहिले अपील करावे.

"माझी सर्व कागदपत्रे द्यावीत" असे लिहू नये, कारण अशा अर्जाला उत्तरही तसेच मोघम येते. कारणे दाखवा नोटीस, तिला दिलेले उत्तर, त्याआधी चौकशी झाली असल्यास तिचे कागद, सर्व नोंदींसह कंडक्ट शीट, प्रत्येक शिक्षेच्या वेळचे आरोपपत्र, डिस्चार्जचा मूळ आदेश आणि त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, असे एकेक नाव घेऊन मागावे. कोर्ट मार्शल झाले असेल, तर संपूर्ण कार्यवाहीची प्रत मागावी, आणि तीही लवकर, कारण ही कार्यवाही ठरावीक वर्षेच जपून ठेवली जाते.

डिस्चार्जच्या प्रकरणात काय पाहावे

आता समजा, मंगळवेढा तालुक्यातील एका नाईकाची 13 वर्षे सेवा झाली आहे. चार रेड एंट्रींपैकी तीन रजेवरून उशिरा परतल्याच्या, म्हणजे ओएसएलच्या आहेत आणि एक दारूची. नोटीस महिन्याच्या 3 तारखेची आहे, उत्तर 9 तारखेचे आहे आणि डिस्चार्जचा आदेश 10 तारखेचा आहे. त्या आदेशात जवानाने उत्तरात काय म्हटले, याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. चार एंट्री झाल्या, सबब डिस्चार्ज, एवढेच आहे. माझ्या मते हे प्रकरण लढण्यासारखे आहे.

त्याचे कारण असे की, चार रेड एंट्री झाल्या म्हणजे घरी पाठवलेच पाहिजे, असा कायदा नाही. लष्कर मुख्यालयाच्या 28 डिसेंबर 1988 च्या धोरणपत्रातच तसे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक एंट्री कोणत्या अपराधाबद्दल होती ते पाहावे, पेन्शन जवळ आलेल्या जवानाशी कठोर वागू नये, त्याची दीर्घ सेवा, अवघड ठाणी आणि तेथील खडतर राहणीमान विचारात घ्यावे आणि अगदी आवश्यक असेल तेव्हाच डिस्चार्ज द्यावा, असे ते पत्र सांगते. त्याआधी नि:पक्ष चौकशी आणि कारणे दाखवा नोटीस अपेक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाने 16 ऑक्टोबर 2015 रोजी दिलेला निकाल, (2016) 2 एससीसी 627 (एससीसी हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा संग्रह), याच मुद्द्यावर आहे. केवळ एंट्रींची संख्या मोजून, चौकशीशिवाय दिलेला डिस्चार्ज न्यायालयाने टिकू दिला नाही. पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत तो जवान नोकरीत होता असे मानावे, मागील पगार देऊ नये, पण पेन्शनसह सेवेचे सातत्य द्यावे, असा आदेश झाला. अर्जात मागणी कशी लिहावी, याचा याहून चांगला नमुना नाही. मागच्या सगळ्या पगाराचा हट्ट धरल्याने प्रकरण जड होते. पेन्शनवर लक्ष ठेवलेले बरे.

मात्र दुसरी बाजूही माहीत असावी. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की, ही चौकशी म्हणजे कोर्ट ऑफ एन्क्वायरी, म्हणजे औपचारिक लष्करी चौकशी, नव्हे; जवानाच्या उत्तराचा न्याय्य विचार झालेला असेल तर तेवढे पुरू शकते. म्हणून "चौकशी झाली नाही" एवढ्या एका वाक्यावर भिस्त ठेवू नये. उत्तराचा विचार झाला नाही, सेवेचा आणि खडतर पोस्टिंगचा विचार झाला नाही, हे तारखांनिशी दाखवावे. सियाचीन, पूर्वोत्तर किंवा काश्मीरमधील पोस्टिंगचा कालावधी शीट रोलमधून, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रातून, काढून कोष्टकात मांडावा. सही कोणाची आहे, हेही पाहावे. या तरतुदीखाली अधिकार ब्रिगेड किंवा सब-एरिया कमांडरचा आहे.

कोर्ट मार्शल झाले असेल तर

जवानांच्या बाबतीत बहुधा समरी कोर्ट मार्शल, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने चालवलेला खटला, असते आणि कार्यवाहीत "गिल्टी" लिहिलेले असते. साहेबांनी सांगितले म्हणून कबूल केले, असे अनेक जवान नंतर सांगतात. नुसत्या या सांगण्याला वजन येत नाही. कागदावर बोट ठेवावे लागते. आर्मी रूल्सच्या नियम 115 प्रमाणे कबुली नोंदवण्यापूर्वी आरोपाचा अर्थ आणि कबुलीचा परिणाम जवानाला समजावून सांगितला पाहिजे आणि तसे केल्याची नोंद कार्यवाहीत पाहिजे. नियम 34 प्रमाणे आरोप कळवणे आणि खटला सुरू होणे यांत किमान 96 तासांचे अंतर पाहिजे. ॲक्टिव्ह सर्व्हिसवर, म्हणजे शत्रूविरुद्धच्या मोहिमेसारख्या सेवेत, ते 24 तास आहे. आरोपपत्र मिळाल्याच्या सहीखालची तारीख आणि वेळ खटल्याच्या वेळेशी ताडून पाहावी.

शिक्षेच्या प्रमाणाचा मुद्दाही येथे येतो. 1985 मध्ये सिग्नल्सच्या एका जवानाने जेवण घेण्याचा हुकूम मानला नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला समरी कोर्ट मार्शलने डिसमिसल आणि एक वर्षाची सक्तमजुरी दिली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती, तोच न्यायासनावर होता. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये ती कार्यवाही रद्द केली. पक्षपात आणि विवेकाला धक्का देणारी शिक्षा, ही दोन्ही कारणे त्या निकालात आहेत, (1987) 4 एससीसी 611.

चूक लपवू नये, तिचे कारण पुराव्यानिशी द्यावे

ओएसएलच्या प्रकरणात माझा आग्रह आहे की, उशीर झाला हे सरळ मान्य करावे. आईच्या आजारपणामुळे थांबावे लागले असेल, तर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले जोडावीत. त्यांवरच्या तारखा गैरहजेरीच्या तारखांशी जुळल्या पाहिजेत. सरपंचाचा दाखला चालतो, पण रुग्णालयाच्या शिक्क्याइतका नाही. युनिटला पाठवलेली तार, पत्र किंवा फोनची नोंद असेल तर तीही द्यावी. दारूचे व्यसन किंवा मानसिक त्रास खडतर पोस्टिंगनंतर सुरू झाला असेल आणि त्यावर लष्करी रुग्णालयात उपचार झाले असतील, तर ते कागद लाजेपोटी घरात ठेवू नयेत. शिक्षा देताना आजाराचा विचार झाला नाही, हा भक्कम मुद्दा होऊ शकतो. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर सोबत लावावे.

अर्जाचा क्रम आणि मुदती

न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी खात्यांतर्गत उपाय वापरणे सामान्यतः आवश्यक असते. कोर्ट मार्शलविरुद्ध आर्मी ॲक्टच्या कलम 164 खाली लष्करप्रमुख किंवा केंद्र सरकारकडे अर्ज करावा; डिस्चार्ज किंवा कलम 20 च्या आदेशाविरुद्ध वरिष्ठ अधिकाऱ्यांमार्फत लष्करप्रमुखांकडे निवेदन द्यावे. निवेदन चार-पाच पानांचे पुरे. पहिल्या परिच्छेदात सेवा आणि पदके, दुसऱ्यात आदेश आणि त्याची तारीख, नंतर नियमभंगाचे मुद्दे, शेवटी मागणी. कोणत्याही अधिकाऱ्याबद्दल रागाचे शब्द नसावेत. पोस्टाची पावती आणि पोहोच जपून ठेवावी, कारण पुढची मुदत त्यावरून मोजली जाते.

सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा 2007 प्रमाणे निवेदनावर अंतिम आदेश मिळाला, की त्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज दाखल करावा लागतो. उत्तरच आले नाही, तर निवेदनापासून सहा महिने थांबावे आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत अर्ज करावा. उशीर झाला असेल, तर सबळ कारण देऊन तो माफ करण्याचा स्वतंत्र अर्ज सोबत द्यावा. पण दर काही महिन्यांनी नवे निवेदन पाठवत राहिल्याने गेलेली मुदत परत येते, असे समजू नये. महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईला आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी तेथे पोहोचता येते. डिस्चार्ज आणि आर्मी ॲक्टच्या कलम 20 ची प्रकरणे न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 14 खाली मूळ अर्ज म्हणून जातात, कोर्ट मार्शलची कलम 15 खाली अपील म्हणून. या दुसऱ्या प्रकारात न्यायाधिकरण शिक्षा कमीही करू शकते. जवान स्वतः बाजू मांडू शकतो, तरी लष्करी कायद्याचे काम करणारा वकील असावा असे मला वाटते. पैशाची अडचण असेल, तर सोलापूर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी विचारावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जावे. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) 2025 मध्ये सुरू केलेल्या वीर परिवार सहाय्यता योजनेत सैनिक मंडळांच्या कार्यालयांमध्ये कायदेविषयक मदतकेंद्रे उघडण्याची तरतूद आहे.

निकाल विरुद्ध गेला, तर सर्वोच्च न्यायालयातील अपिलासाठी परवानगी मागण्याचा अर्ज न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत करावा लागतो. उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्गही मार्च 2023 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खुला असल्याचे स्पष्ट झाले आहे. निकाल बाजूने लागला, तर प्रमाणित प्रत घेऊन ती त्याच आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवावी आणि बँक खाते, आधार, पॅन आणि पत्नीसोबतचा जोड फोटो तयार ठेवावा. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून निघतो, आणि आदेशात दिलेली मुदत टळूनही तो निघाला नाही, तर अंमलबजावणीसाठी न्यायाधिकरणाकडे पुन्हा अर्ज करता येतो.