बोअरमधलं तापमान मोजताय? या चुका टाळा

भूऔष्णिक ऊर्जा, कार्बन साठवण (कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली गाडणं) की शेल गॅस, अभ्यास कुठलाही असो, बोअरमध्ये सेन्सर सोडून खोलीनुसार तापमान नोंदवणं कुणालाच चुकत नाही. खानापूर-निपाणीकडच्या शेतातल्या जुन्या बोअरवरही हात बसवता येतो. नोंदी बिघडतात त्या यंत्रामुळे कमी आणि घाईमुळे जास्त.

बोअर मारल्या मारल्या मोजू नका. हॅमरचं घर्षण आणि कंप्रेसरची हवा, दोन्हींमुळे भोवतालच्या खडकाचं तापमान हलतं. मारायला जेवढा वेळ लागला त्याच्या दहा-वीसपट थांबायचं; एका दिवसात मारलेल्या बोअरला दोन-तीन आठवडे. मग आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजा. फरक 0.02 अंशाच्या आत आला, की बोअर निवला.

एवढं काटेकोर कशाला? खाली जाताना तापमान किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश चढतं, म्हणजे 10 मीटरला जेमतेम पाव अंश. तेवढ्यात 0.1 अंशाची गडबड झाली, तर चढ किलोमीटरला 10 अंशांनी खोटा निघतो. सेन्सर कायम सारखंच जास्त दाखवत असेल तर मात्र चढाला धक्का लागत नाही.

नोंदी सेन्सर खाली सोडतानाच घ्या. वर ओढताना पाणी घुसळलेलं असतं. दर 5 मीटरला थांबून आकडा स्थिरावू द्या. पाण्याच्या पातळीच्या वरचे आकडे सोडून द्या, हवेत सेन्सर आळशी होतो. वरच्या 20 मीटरांवर ऋतूंचा असर असतो, तेही धरू नका. ओल्या केबलवर खोली मोजणारं चाक घसरतं, म्हणून केबलला स्टीलच्या टेपने मापून खुणा करा.

आपल्याकडची खरी फसगत पाण्याची. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधल्या लाल मातीतून किंवा सच्छिद्र खडकातून पाणी बोअरमध्ये शिरतं आणि दुसऱ्या थरात निघून जातं. तेवढ्या पट्ट्यात आलेख सरळ उभा राहतो. नवखा माणूस ‘इथे तापमान वाढतच नाही’ असं लिहून मोकळा होतो. ती वाढ वाहत्या पाण्याने पुसलेली असते. शेजारचे पंप निदान 24 तास बंद ठेवायला सांगा (उसाला पाणी चालू असताना हे जमवणं सोपं नाही).

कार्बन साठवणीत ‘800 मीटर खोली हवीच’ हा नियम डोळे झाकून लावतात. तो दाबाखालच्या दाट कार्बन डायऑक्साइडसाठी: 31 अंश आणि सुमारे 74 बारच्या वर. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात वायू पाण्यात विरघळवून 400 ते 800 मीटरवरच्या बेसॉल्टमध्ये (म्हणजे काळ्या पाषाणात) सोडला. 95 टक्क्यांहून अधिक वायूची दोन वर्षांच्या आत खनिजं झाली. पण टनभर वायूला सुमारे 25 टन पाणी लागतं. अथणीकडे आधी हाच हिशोब मांडा.

अशा अभ्यासात भूकंपमापकही लावला असेल आणि तो खडी क्रशरजवळ असेल, तर सुरुंगाच्या वेळा रोज लिहून घ्या. शंका आली तर पहिला धक्का बघा: सुरुंगाचा सहसा सगळ्या केंद्रांवर वरच्या दिशेने उमटतो, भूकंपाचा काही ठिकाणी वर, काही ठिकाणी खाली.