जुन्या नेटबुकवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये किंवा घरच्या माळ्यावर जुनं नेटबुक, म्हणजे छोटा स्वस्त लॅपटॉप, हाती लागलं की आपली पोरं लगेच रॅम आणि एसएसडी घ्यायला धावतात. थांबा जरा. पहिले प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा, नुसतं "अ‍ॅटम" (इंटेलचे कमी विजेवर चालणारे प्रोसेसर) वाचून काहीच कळत नाही.

२००८ चा अ‍ॅटम एन२७० घ्या. अडीच वॅटमध्ये भागायचं म्हणून तेव्हा धडाधड खपला, पण तो फक्त ३२ बिट आहे, ६४ बिटचं आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची लिनक्सची फाइल) त्यावर सुरूच होत नाही आणि लोक पेनड्राइव्हला दोष देत बसतात. सोबतचा ९४५जीएसई चिपसेट (प्रोसेसरला रॅमशी जोडणारा चिप) २ जीबीच्या वर रॅम घेत नाही, तेव्हा ४ जीबीची स्टिक घेऊन पैसे घालवू नका.

आता खरी गडबड. "३२ बिट आहे ना, मग कुठलंही ३२ बिट चालेल" असं धरून चालू नका! व्हीआयए कंपनीच्या सी३ प्रोसेसरांपैकी "नेहेमाया" या आवृत्तीच्या आधीच्या चिपांत सीमोव्ह ही सूचनाच (प्रोसेसरला कळणारी आज्ञा) नाही, आणि आय६८६ (३२ बिट प्रोसेसरांची एक पिढी) साठी बनवलेले प्रोग्राम ती सर्रास वापरतात, म्हणून ते मध्येच "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून पडतात. एएमडीच्या जिओड एलएक्समध्ये, म्हणजे शाळकरी मुलांच्या त्या एक्सओ-१ लॅपटॉपमधला चिप, सीमोव्ह आहे पण लाँग नॉप ही दुसरी सूचना नाही. डेबियन या लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीपर्यंत तो चालायचा, १२ ने ती सूचना सक्तीची केली आणि जिओड बाहेर. चिप बिघडलेला नसतो हो, सॉफ्टवेअर पुढे निघून गेलेलं असतं, म्हणून असं मशीन भंगारात टाकलं की मला फार वाईट वाटतं. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तर ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) दोन्ही नाहीत, त्यामुळे एन२७० वाल्यांनी १२ च घ्यावं.

इंटेलच्या बे ट्रेल प्रोसेसरचे स्वस्त टॅबलेट वेगळेच फसवतात: प्रोसेसर ६४ बिट, पण बऱ्याच मॉडेलांत यूईएफआय (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ३२ बिट. पेनड्राइव्हच्या ईएफआय फोल्डरमध्ये ३२ बिटचा बूटलोडर (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) नसेल तर तो पेनड्राइव्ह दिसतच नाही.

अ‍ॅटम एन२६०० किंवा एन२८०० असेल तर मी घेऊच नका म्हणेन, त्यातलं ग्राफिक्स पॉवरव्हीआरचं, लिनक्सवर चित्र दिसतं पण थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन नाही.

दुकानात जाताना ३२ बिटचं लाइव्ह लिनक्स असलेला पेनड्राइव्ह खिशात ठेवा, दुकानदार भाऊला सांगून तिथेच बूट करा आणि एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) चालवा, फ्लॅग्जच्या ओळीत "एलएम" दिसलं तर ६४ बिट, नाही तर भाव पाडून मागा.