‘पीओपी’, ‘स्लॅब’, ‘कास्ट’: हाड मोडल्यावर हातात येणारा कागद कसा वाचायचा

जळगाव-धुळ्याकडे दवाखान्यातून येणारा माणूस हमखास सांगतो, ‘फ्रॅक्चर नाही, फक्त क्रॅक आहे.’ पण फ्रॅक्चर हा शब्द लॅटिनमधल्या ‘मोडणे’ या क्रियापदावरून आला आहे. तडा गेला तरी हाड मोडलेलंच. कागदावर ‘हेअरलाइन फ्रॅक्चर’ (केसासारखा बारीक तडा) लिहिलं असेल तरी मुदतीआधी प्लास्टर काढू नये.

प्लास्टर म्हणजे मुळात लेप. ग्रीक ‘एम्प्लास्ट्रॉन’ म्हणजे अंगावर थापलेलं औषध. भिंतीचा गिलावा हा अर्थ इंग्रजीत नंतर आला. ‘पीओपी’ हे प्लास्टर ऑफ पॅरिसचं लघुरूप, आणि त्यातलं पॅरिस आलं ते तिथल्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्सम या खनिजामुळे. जिप्सम भाजलं की त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी उडून जातं. उरलेली भुकटी लावलेली पट्टी भिजवली की भुकटी ते पाणी परत घेते, तापते आणि घट्ट होते. म्हणून लावताना ऊब जाणवणारच. घट्ट व्हायला काही मिनिटं पुरतात, पूर्ण वाळायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. तोवर हात-पाय उचलायचा तो तळहातांवर. बोटांनी धरलं तर ओल्या प्लास्टरला खड्डे पडतात आणि ते आतून टोचून कातडीला जखम करतात. गोधडीने झाकू नका, हीटर लावू नका.

खरी गल्लत होते ती पुढच्या दोन शब्दांत.

स्लॅब म्हणजे जाड पाट. आपल्याकडे याला ‘कच्चं प्लास्टर’ म्हणतात. हाताला साधारण 8 ते 10, पायाला 12 ते 15 थरांची पट्टी एका अंगाने ठेवून वरून बँडेज गुंडाळतात. दुसरी बाजू मोकळी राहते, म्हणून सुजेला जागा मिळते. कच्चं म्हणजे हलकं नव्हे. पहिल्या दिवसांत तेच योग्य.

कास्ट म्हणजे ‘पक्कं’. जुन्या नॉर्स भाषेत ‘कास्टा’ म्हणजे फेकणे. त्यावरून साच्यात टाकणे, ओतणे. ओतीव भांड्यासारखं ते चारी बाजूंनी बसतं आणि जराही ताणत नाही. आत सूज वाढली तर रक्तपुरवठा आवळला जातो. पहिले 48 तास उशीवर हात किंवा पाय छातीपेक्षा उंच ठेवा. नख दाबून सोडा: दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला पाहिजे. बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, ती हलवताना कळ वाढली, गोळीनेही दुखणं थांबेना, तर रात्र असो की पहाट, लगेच दवाखाना गाठा. बँडेज गुंडाळलेल्या स्लॅबलाही हेच लागू.

‘स्प्लिंट’ म्हणजे चिरलेली पट्टी, हाडवैद्याच्या बांबूच्या कामटीसारखी. शेतात कुणी पडलं तर कापडाची घडी घालून कामटी बांधा, मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून. हाड ओढून बसवू नका.

मे महिन्याच्या उन्हात आत खाज सुटतेच. पऱ्हाटीची काडी किंवा स्वेटरची सुई घालू नका. कातडी सोलते, पू होतो, आणि तो दिसत नाही. बाहेरून हलकं थोपटा, पंख्याखाली बसा. वास येऊ लागला किंवा प्लास्टर एका जागी ओलं झालं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.