टाकीत लाल अळ्या दिसल्या? आधी नीट बघा

टाकीच्या तळाशी लाल लाल काहीतरी वळवळताना दिसलं की लोक लगेच डासांच्या अळ्या म्हणून घाबरतात, पण डासाची अळी श्वास घ्यायला सारखी वर येते आणि ही बया तळच्या गाळात स्वतःची नळी करून पडून असते, लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यामुळे ऑक्सिजन कमी असला तरी भागतं तिचं. ही कायरोनोमिड नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या बारीक माशीची अळी. माशी चावत नाही.

बघायची हौस असेल तर बरणीत थोडा गाळ, टाकीचंच पाणी न चार-पाच अळ्या घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा आणि सावलीत ठेवा. अळी मोठी झाली की कोष होतो, तो वर येतो, पाठ फाटते आणि माशी बाहेर! पिसासारख्या मिशा दिसल्या तर नर.

घालवायच्या असतील तर नुसतं पाणी बदलून काही होत नाही, तळ खरवडा, पाण्याच्या कडेला जेलीसारखा पुंजका चिकटलेला दिसला तर ती अंडी, पुसून टाका, झाकण घट्ट लावा, ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी बसवा. टाकीजवळचा बल्बही रात्री बंद ठेवा, माशा उजेडावर येतात. निघालेल्या अळ्या गप्पी मासे आवडीने खातात.