अंधाऱ्या फ्लॅटमधली झाडं का मरतात? या चुका टाळा

‘याला ऊन लागत नाही’ असं ऐकून आणलेलं झाड कोपऱ्यात ठेवायचं, रोज आठवणीने थोडं पाणी घालायचं आणि दोन-तीन महिन्यांनी पिवळी पानं वेचायची. अंधाऱ्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बऱ्याच जणांनी हे केलेलं असतं, मीही केलंय. कमी उजेडात स्नेक प्लांट, झेडझेड, मनीप्लांट, अॅग्लोनेमा टिकतात हे खरं. पण टिकतात म्हणजे तग धरतात, त्यांना तो अंधार आवडतो असं नाही.

उजेडाचा अंदाज डोळ्यांनी घेणं

आपले डोळे या बाबतीत फार लबाड असतात. भर दुपारच्या उन्हात साधारण 1 लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, तर खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात 100 लक्सही भरत नाहीत. तरी डोळे लगेच सरावतात आणि कोपरा आपल्याला ‘तसा बऱ्यापैकी’ वाटतो. म्हणून दुपारी दिवे बंद करून जागेवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर उत्तम. सावली धूसर असेल तर वर सांगितलेली झाडं चालतील. सावली दिसलीच नाही, तर तिथे झाडाआधी दिवा लागेल.

पाणी, पाणी आणि पाणी

अंधारात झाडं तहानेने क्वचितच मरतात, बहुतेक बुडून मरतात. उजेड कमी म्हणजे झाडाची अन्न तयार करण्याची गती कमी आणि पानांतून उडून जाणारं पाणीही कमी. कुंडीतली माती मग दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. खरी फसगत याच्या पुढे होते. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे पानं मान टाकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. माझं पहिलं झेडझेड असंच गेलं. मातीखाली त्याचे बटाट्यासारखे कंद असतात, त्यात ते पाणी साठवून ठेवतं, हे मला ते कंद हातात मऊ लागले तेव्हा कळलं.

‘दर रविवारी पाणी’ असलं वेळापत्रक सोडून द्या. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर परत फिरा. स्नेक प्लांट आणि झेडझेडला तर कुंडी तळापर्यंत सुकल्यावरच पाणी द्या. कुंडी उचलून पाहिली की वजनावरून कळतं. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत झाड ठेवलं असेल, तर पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने तळाशी साचलेलं पाणी ओतून टाका. मातीवर चिलटं घोंगावायला लागली, तर माती सतत ओली राहतेय असं समजा.

माती ओली असूनही पानं लोंबत असतील, तर झाड कुंडीतून काढून बघा. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी मुळं कापा. उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच लहान कुंडीत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके पांढरे खडे) मिसळलेल्या भुसभुशीत मातीत झाड परत लावा. मोठी कुंडी म्हणजे जास्त माती आणि जास्त दिवस ओल.

लांबलेल्या वेलीला खत देणं

मनीप्लांटच्या दोन पानांतलं अंतर वाढलं आणि नवी पानं लहान यायला लागली, की तो उजेड शोधतोय. खताने हे सुटत नाही. वेल छाटा, गाठ असलेले तुकडे पाण्यात ठेवून मुळं फुटू द्या आणि कुंडी खिडकीकडे सरकवा. मात्र एकदम थेट उन्हात नेऊ नका, पानं भाजतात.

पांढऱ्या ठिपक्यांचे प्रकार खोली उजळ दिसावी म्हणून आणले जातात, पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळपास नसतंच. त्यामुळे त्यांना साध्या हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो आणि अंधारात नवी पानं हिरवीच येऊ लागतात. त्यापेक्षा हिरवं झाड फिक्या भिंतीपुढे, पांढऱ्या कुंडीत ठेवा. गडद झाड गडद कोपऱ्यात नुसतं हरवतं.

दिवा लांब टांगणं

छताचा दिवा झाडाच्या फारसा कामाचा नाही. साधा पांढरा एलईडी चालतो, पण तो पानांपासून फूट-दीड फुटावर आणि रोज साधारण 12 तास हवा. टायमर लावा, आठवणीवर भिस्त नको.

हवा शुद्ध होते म्हणून झाडं आणत असाल, तर ती अपेक्षा सोडा. ज्यावरून हे म्हटलं जातं तो नासाचा 1989 चा गाजलेला प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता, आणि घराची हवा खिडकी उघडून झाडांपेक्षा कितीतरी लवकर बदलते. मांजर-कुत्रा असेल तर मनीप्लांट, अॅग्लोनेमा, पीस लिली त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. त्यांतल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंडाची आग होते.

आणि झेडझेडला महिनोन्महिने एकही नवा कोंब आला नाही, पण पानं टवटवीत आहेत, तर त्याला हात लावू नका. फडक्याने पानांवरची धूळ पुसा, एवढंच.