बंद बरणीतली बाग करताय? आधी जागा बघा
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा बंद काचेची बरणी उन्हात ठेवली की आतली झाडं अक्षरशः उकडतात, म्हणून जागा उजेडाची हवी पण थेट उन्हाची नको. तळाला बारीक खडी, वर लाकडी कोळशाचा चुरा, मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नि पानांचं खत. आपली काळी माती कपाशीला भारी, इथे नकोच, पाणी धरून बसते नि मुळं कुजतात. फिटोनिया (रंगीत शिरांच्या पानांचं बुटकं झाड), छोटं फर्न, शेवाळ चालतं, कोरफड नाही. पाणी थोडंच, स्प्रेने, तेच वाफ होऊन परत खाली येतं. सकाळी काचेवर थोडं दव नि दुपारी गायब म्हणजे बरोबर, दिवसभर काच पांढरीच दिसली तर झाकण एक दिवस उघडं ठेवा. पिवळं पान चिमट्याने लगेच काढायचं, नाहीतर बुरशी धरते.